लिहिणाऱ्यांनी आधी काय वाचावे: 'रिबेका' की 'गॉडी नाइट'?

दिवाळी अंकांसाठी दीर्घकथा लिहिणाऱ्या आमच्या छोट्या गटात यंदा तिघांनी प्रेमकथेत रहस्य गुंफायचे ठरवले आहे आणि तिघांचीही अडचण एकच आहे: रहस्य पुढे सरकू लागले की प्रेम खोळंबते आणि प्रेमाचा प्रसंग आला की रहस्य जागच्या जागी थांबते. नुकत्याच पाठोपाठ वाचलेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्यांत मला या अडचणीवरचे दोन निरनिराळे उपाय दिसले. डोरोथी सेयर्स यांची 'गॉडी नाइट' १९३५ मधली आणि डाफ्ने डू मोरिए यांची 'रिबेका' १९३८ मधली. एकच वाचण्याइतकी सवड असेल तर कोणती घ्यावी, असे विचारणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

'रिबेका'च्या निवेदिकेला अखेरपर्यंत नाव नाही. माँटे कार्लोमध्ये भेटलेल्या, वयाने बऱ्याच मोठ्या विधुराशी लग्न करून ती मँडर्लीच्या वाड्यात येते, तेव्हा तिथे पहिल्या पत्नीची खूण जागोजागी असते, अगदी अंगावर चढवलेल्या कोटाच्या खिशातल्या रुमालावरसुद्धा. आपल्या पतीचे मन अजून त्या गेलेल्या बाईतच गुंतले आहे अशी तिची खात्री झालेली असते आणि सारे रहस्य या समजुतीवर उभे आहे. म्हणूनच ज्या संभाषणात गुपित फुटते, त्याच संभाषणात प्रेमाचाही उलगडा होतो. लेखिकेला दोन धागे वेगवेगळे सोडवावे लागत नाहीत.

लिहिणाऱ्याने थांबून पाहावा असा प्रसंग मात्र त्याच्या बराच आधी येतो. मेजावर पुस्तके मांडताना निवेदिकेच्या हातून चिनीमातीची मदनाची छोटी मूर्ती पडून फुटते. घरची मालकीण असूनही ती तुकडे गोळा करते, पाकिटात भरते आणि खणात मागच्या बाजूला दडवून ठेवते. पुढे आळ एका नोकरावर येतो आणि तिला आधी पतीपुढे व मग वाड्याचा कारभार पाहणाऱ्या मिसेस डॅनव्हर्सपुढे कबुली द्यावी लागते. तिला स्वतःच्याच घरात वाटणारी भीती आणि पतीच्या नजरेत आपण अजाण पोर आहोत ही बोच एवढ्याशा वस्तूवरून कळते. याहून फार मोठी गोष्ट लपवण्याची वेळ तिच्यावर येते, तेव्हा मला तो खण आठवल्यावाचून राहिला नाही. हिचकॉकचा १९४० चा चित्रपट किंवा या कथेवर बेतलेला १९६४ चा 'कोहरा' पाहिलेल्यांनीही मूळ कादंबरी वाचावी, कारण हिचकॉकच्या चित्रपटात एक कळीची घटना बदललेली आहे आणि त्या बदलाने निवेदिकेच्या निष्ठेचा अर्थच पालटतो.

'गॉडी नाइट'मध्ये खून नाही. ऑक्सफर्डमधल्या एका काल्पनिक महिला महाविद्यालयात निनावी, विखारी चिठ्ठ्या येऊ लागतात, नासधूस होते आणि माजी विद्यार्थिनी हॅरिएट व्हेन हिला शोध घेण्यासाठी बोलावले जाते. हॅरिएट स्वतः रहस्यकथा लिहिते. पूर्वी खुनाच्या आरोपातून तिला सोडवणारा पीटर विम्झी गेली काही वर्षे तिला लग्नाची मागणी घालत आहे, पण प्राण वाचवल्याच्या उपकाराखाली दबून होकार देणे तिला मान्य नाही. स्त्रीने बुद्धीचे काम आणि मनाची ओढ यांचा मेळ कसा घालावा, हा तिचा प्रश्न आहे. गुन्हेगाराचा हेतूही याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला आहे. डू मोरिए यांनी प्रेम आणि रहस्य एका गुपिताने बांधले, तर सेयर्स यांनी ते एका प्रश्नाने बांधले. ऑक्सफर्डने स्त्रियांना १९२० मध्ये पदव्या देणे सुरू केले, तेव्हा पहिल्या पदवीधर स्त्रियांत सेयर्स होत्या. त्यामुळे ही चर्चा कुठेही वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही.

यातले एक संभाषण मी वहीत उतरवून घेतले आहे. हॅरिएटच्या नव्या कादंबरीतले एक पात्र निर्जीव झाले आहे. पीटर सांगतो, त्याला खऱ्या माणसाचे मन दे. तसे लिहिणे फार दुखेल, असे ती म्हणते. पुस्तक चांगले होणार असेल तर दुखण्याचे काय, असे तो विचारतो. तिला जपण्याऐवजी तिच्या लेखनाला जपणारा हा माणूस आहे, हे तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. तिने अर्धे सोडलेले सुनीत तो पुढे पूर्ण करतो, तो भागही असाच सुंदर आहे.

वाचायला 'रिबेका' पुष्कळ सोपी आहे. 'गॉडी नाइट' लांब आहे, तिच्यात लॅटिन अवतरणे येतात आणि प्राध्यापिकांची नावे लक्षात ठेवताना सुरुवातीला दमछाक होते. मला शंभरेक पाने कागदावर यादी करावी लागली.

ज्यांची कथा प्रथमपुरुषी आहे आणि रहस्य फार लवकर फुटते अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी निःशंकपणे 'रिबेका' घ्यावी. कथानक नीट बसले आहे, पण नायक-नायिका एकमेकांशी बोलू लागली की कागदी वाटतात, असे ज्यांना जाणवते त्यांनी वेळ काढून 'गॉडी नाइट' वाचावी. आमच्या गटातल्या तिघांपैकी दोघांना मी 'गॉडी नाइट'च सुचवली आहे.