भाड्याचे वॉशिंग मशीन: दीड वर्षाच्या वापरानंतर

वॉशिंग मशीन विकत न घेता दरमहा भाड्याने घ्यायचे ठरवले, तेव्हा पर्यावरणाचा विचार मनात होता हे खरे. परंतु दीड वर्षानंतरही मी ही सेवा सोडलेली नाही, याचे कारण अधिक साधे आहे. यंत्र बिघडले की ती काळजी माझी राहत नाही.

आठव्या महिन्यात कपडे पिळले जात असताना मशीनमधून घरघर ऐकू येऊ लागली. तंत्रज्ञाने वीज बंद करून रिकामा ड्रम हाताने सावकाश फिरवला, कान जवळ नेऊन ऐकले आणि बेअरिंग गेल्याचे सांगितले. स्वतःचे मशीन असते, तर याच टप्प्यावर ‘एवढ्या खर्चात नवीनच घ्या’ हा सल्ला मिळाला असता. येथे मात्र बेअरिंग आणि सील बदलून तेच मशीन तिसऱ्या दिवशी सुरू झाले, कारण मालकी कंपनीची असल्याने ते जितके टिकेल तितका फायदा तिचाच आहे. यंत्राच्या देखभालीची जबाबदारी कंपनीकडेच ठेवण्याची ही कल्पना नवी नाही. विमानाच्या इंजिनांच्या देखभालीसाठी उड्डाणाच्या तासांनुसार पैसे घेण्याची पद्धत १९६२ मध्येच सुरू झाली होती. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्यावर रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे, हे लक्षात घेता दुरुस्त झालेले एक मशीनही मला मोलाचे वाटते.

तरीही भाड्याची प्रत्येक वस्तू पर्यावरणपूरक ठरतेच असे नाही. जीन्सच्या वापराविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात, ने-आण मोटारीने वारंवार होत असेल तर भाड्याचा पर्याय सर्वाधिक उत्सर्जनाचा ठरू शकतो, असे दिसून आले. वॉशिंग मशीन एकदाच घरी येते, त्यामुळे हा आक्षेप येथे फारसा लागू होत नाही. मला खरी उणीव आकारणीत जाणवते. भाडे महिन्याचे ठरलेले असल्याने अर्धे भरलेले मशीन लावले काय किंवा पूर्ण भरून लावले काय, खर्च तोच राहतो. धुण्याच्या खेपांनुसार आकारणी असती, तर मशीन भरून लावण्याची सवय आपोआप लागली असती. परत गेलेल्या यंत्राचे पुढे काय होते, या प्रश्नाला तीन ईमेलनंतरही कंपनीने स्पष्ट उत्तर दिले नाही, हे मला गंभीर वाटते.

एकाच घरात दहा वर्षे राहणाऱ्याने हिशेब मांडून पाहावा, कारण एकूण भाडे खरेदीच्या किमतीपुढे जाऊ शकते. वारंवार घर बदलणाऱ्यांना मात्र मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. पहिला करार संपताना मला नवे मॉडेल देऊ करण्यात आले; ते नाकारून मी याच मशीनची मुदत वाढवून घेतली. जुने यंत्र ठेवणाऱ्याचे भाडे कमी करण्याची तरतूद नव्या करारातही नाही, ती असायला हवी.