चिपळूणच्या ड्रायव्हिंग स्कूलमधले २१ दिवस

मस्कतमध्ये एकोणीस वर्षे गाडी चालवून चिपळूणला कायमची परत आलेली बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालते, याचे आमच्या आळीत थोडे कौतुक आणि पुष्कळ चेष्टा झाली. परंतु भारतातले लायसन्स मी कधी काढलेच नव्हते. तिकडे रस्त्याची उजवी बाजू आणि ऑटोमॅटिक गाडी, इकडे डावी बाजू, डाव्या हाताला गिअर आणि पायाखाली क्लच, असे सगळेच उलटे होते; तेव्हा मे महिन्याच्या मध्यावर कच्चे लायसन्स हाती येताच मी साडेपाच हजार रुपये भरून मोकळी झाले. स्कूलचे नाव लिहीत नाही, कारण तक्रारी ऑफिसविषयी आहेत आणि शिकवणाऱ्या मास्तरांविषयी मला आदरच आहे.

आधी ऑफिसचा हिशेब. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खाजगी गाडीचे शिक्षण किमान २१ दिवसांचे असावे लागते आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १० तासांचे. रोज अर्धा तास धरला तर बेरीज साडेदहा तासांवर जाते आणि नियम सुखाने पाळला जातो. प्रत्यक्षात गाडीत एका वेळी आम्ही चौघे असायचो, आणि माझ्या वाट्याला कधी वीस, कधी पंधरा मिनिटे यायची. मी रोजची वेळ डायरीत टिपली होती. एकवीस दिवसांची बेरीज सात तासही भरली नाही. विचारल्यावर, मागच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका पाहणे हेही शिक्षणच, असे उत्तर मिळाले. त्यात तथ्य नाही असे नाही, पण पैसे मी चालवण्याचे भरले होते.

पहिला आठवडा माझ्या हातांनी माझी फजिती केली. तिकडच्या गाडीत इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असे, स्कूलच्या मारुतीत ती उजवीकडे आहे आणि डावीकडे वायपर. त्यामुळे प्रत्येक वळणाला, मे महिन्याच्या रखरखीत उन्हात, कोरड्या काचेवर वायपर कर्र कर्र फिरू लागायचा आणि मागच्या सीटवरची कॉलेजची मुले तोंड दाबून हसायची. मास्तर मात्र एकदाही हसले नाहीत. “ताई, हात विसरेल हळूहळू, तुम्ही रस्ता बघा,” एवढेच म्हणायचे, आणि दहाव्या दिवशी हात खरोखर विसरला.

या स्कूलचे खरे मोल दुसऱ्या आठवड्यात कळले, कारण मास्तरांनी गाडी खेर्डी, पिंपळी, पोफळी करीत कुंभार्ली घाटाला लावली. चढावर मुद्दाम थांबवून, हँडब्रेक ओढून, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, इंजिनाचा आवाज जड झाला की मगच हँडब्रेक सोडायचा, हा धडा त्यांनी माझ्याकडून एकाच चढणीवर सात वेळा करून घेतला. मस्कतमध्ये लायसन्ससाठी मी ड्रमची, म्हणजे पिंपांच्या मधून गाडी मागे घेण्याची, आणि चढावर थांबून सुटण्याचीही परीक्षा दिली होती; पण तो चढ सिमेंटचा, मोकळा आणि माझ्या एकटीसाठी होता. इथे मागे कऱ्हाडकडे निघालेली एस.टी. अगदी बंपरला नाक लावून उभी होती. उतरताना, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापून ऐन वेळी दगा देतात, हे त्यांनी नुसते सांगितले नाही, तर ब्रेकचा करपट वास सोडीत कडेला उभा असलेला एक टेम्पो दाखवून पटवले. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा आपल्याकडे लेखी नियम आहे, आणि त्या घाटात तो बऱ्यापैकी पाळलाही जातो, हे पाहून मला सुखद आश्चर्य वाटले. हॉर्नविषयीचे माझे मतही तिथेच थोडे बदलले. मस्कतमध्ये महिना महिना हॉर्नला हात लागत नसे, आणि ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली तेव्हा मला बरेच वाटले होते. पण पलीकडचे काहीच दिसत नाही अशा वळणावर एकदा वाजवलेला हॉर्न ही खरोखर सभ्यता आहे.

डिपरचा, म्हणजे हेडलाइटच्या उघडझापीचा, अर्थ मात्र मला नव्याने शिकावा लागला. मस्कतच्या हमरस्त्यावर मागून डिपर आला की बाजूला व्हायचे. इंग्लंडच्या हायवे कोडप्रमाणे त्याचा अर्थ फक्त ‘मी इथे आहे’ एवढाच, तरी तिथले लोक तो ‘तुम्ही आधी जा’ म्हणून सर्रास देतात. आपल्याकडे समोरून डिपर आला तर ‘मी येतोय, तू थांब’ असे समजावे. इंग्लंडचा अर्थ डोक्यात ठेवून कोणी आपल्या अरुंद पुलावर गाडी घातली, तर काय होईल ते सांगायला नको.

कोंडीचे शिक्षण बहादूरशेख नाक्यावर मिळाले, किंबहुना मिळाले नाही. २००८ साली जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, तरीही थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि गाड्यांच्या उलट दिशेने मागे सरकत राहिली. कोणी थोडा ब्रेक लावतो, मागचा थोडा जास्त लावतो, त्याच्या मागचा थांबतोच. पुढे पुरेसे अंतर ठेवले तर हा झटका वाटेतच विरतो, म्हणून नाक्यावर मी अंतर ठेवले. त्यात दोन रिक्षा आणि एक स्कूटर येऊन बसली. “ताई, जागा सोडलीत की ती तुमची राहात नाही,” मास्तर म्हणाले आणि आपल्या बाजूचा क्लच दाबून गाडी त्यांनीच पुढे काढली. मस्कतमध्येही संध्याकाळी सुलतान काबूस मार्गावर तासभर अडकत असू, पण रांगेत. इथे दोन रांगांच्या चार झाल्या की समोरून येणाऱ्यालाही वाट उरत नाही. याविषयी स्कूलच्या शिकवणीत एक शब्द नाही.

सर्वांत मोठी तक्रार पावसाची. जूनच्या पहिल्या जोरदार सरीला ऑफिसमधून फोन आला की आज क्लास बंद, आणि पुढचे तीन दिवसही तसेच गेले. रात्रीचा क्लास तर नाहीच. माझा मुलगा जर्मनीत लायसन्स काढीत होता तेव्हा त्याला नेहमीच्या शिकवणीखेरीज ४५ मिनिटांचे १२ खास धडे सक्तीचे होते, त्यांतले तीन अंधारातले. शिवाय प्रथमोपचाराचा वर्ग वेगळा. तेवढे इथे कोणी मागत नाही, पण ज्या गावात वर्षातले चार महिने काचेवरून पाणी वाहते, तिथे पावसाला सुट्टी देणारे स्कूल म्हणजे पोहायला शिकवताना विहीर टाळण्यासारखे झाले.

पक्के लायसन्स जुलैत मिळाले. ज्यांना घाट शिकायचा आहे त्यांनी या स्कूलमध्ये जरूर जावे, मात्र रोज घड्याळ लावून बसावे. पावसातल्या दोन तासांचे वेगळे पैसे द्यायची तयारी मी ऑफिसात दाखवली, तेव्हा रजिस्टर चाळून ते म्हणाले, “गणपतीनंतर बघू, तोवर पाऊसही कमी होईल.”