गट फीलिंगवरचं एक दिवसाचं ट्रेनिंग, नाशिक: सकाळ वाया, दुपार वसूल

पाचपैकी साडेतीन स्टार. सकाळच्या सेशनला दोन, दुपारच्याला पाच, सरासरी तेवढीच येते.

ट्रेनिंग कशाचं, तर गट फीलिंगचं, म्हणजे कामावर निर्णय घेताना मनाचं कधी ऐकायचं. मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात, साडेनऊ ते साडेपाच, फी साडेतीन हजार वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४१३० रुपये, चहा-जेवण त्यातच. मी अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत परचेसला आहे, पैसे कंपनीने भरले त्यामुळे खिशाला काही लागलं नाही, पण रविवार गेला आणि तो कोणी भरून देत नाही. हॉलमधे पब्लिक मस्त मिक्स होतं, सातपूर एमआयडीसीतले दोन-तीन मशीन शॉपवाले, एक द्राक्ष एक्स्पोर्टवाले, एचआरच्या मॅडम आणि माझ्या शेजारी लासलगाव मार्केटमधले एक कांदा व्यापारी, ज्यांना मुलाने जबरदस्ती पाठवलं होतं.

सकाळचे सर म्हणजे कॉलर माइक, बॅकग्राउंडला बासरी, डोळे मिटा, छातीवर हात ठेवा आणि आतला आवाज काय सांगतो ते ऐका. माझा आतला आवाज सांगत होता की एसी कमी करा. मग सुरू झाल्या गोष्टी, कुणी सगळ्यांचा विरोध असताना मनाचं ऐकून फॅक्टरी टाकली आणि आज बघा कुठे आहे वगैरे. अहो पण मनाचं ऐकून ज्यांचं शटर खाली आलं त्यांना स्टेजवर कोण बोलावतं? सातपूरच्या कुठल्याही गल्लीत असे पण चार जण भेटतील.

सकाळचं एकच आवडलं, पत्त्यांचा खेळ. हा अमेरिकेतल्या आयोवाच्या संशोधकांचा प्रयोग आहे. चार गठ्ठे असतात, दोघांत मोठं बक्षीस पण मधेच असा दणका बसतो की शेवटी तोटाच, बाकी दोघांत थोडं थोडं मिळतं पण शेवटी फायदा, आणि खेळणाऱ्याला यातलं काहीच सांगितलेलं नसतं. तळहाताला सेन्सर लावून घाम मोजतात. १९९७ साली त्यांनी छापलं की साधारण दहा पानं उलटल्यावरच वाईट गठ्ठ्याकडे हात जाताना घाम वाढायला लागतो, इथे काहीतरी गडबड आहे असं तोंडाने म्हणायला पन्नासच्या आसपास पानं जातात आणि का ते नीट सांगायला ऐंशी. सर म्हणाले बघा, शरीराला आधी कळतं! ऐकायला भारी वाटतं, पण २००४ मधे दुसऱ्या दोघांनी हाच खेळ घेऊन लोकांना मधेमधे नीट खोदून प्रश्न विचारले तेव्हा कळलं की लोकांना बऱ्यापैकी आधीच समजलेलं असतं, आधी कोणी तसं विचारलंच नव्हतं. जेवताना मी सरांना हे विचारलं तर 'सायन्समधे असं चालतंच' म्हणाले आणि पापडाकडे वळले.

जेवण ठीक. पनीरची तीच लाल भाजी जी प्रत्येक कॉन्फरन्सला असते. नाशिकमधे बसून मिसळ ठेवायची सोडून हे का करतात देव जाणे.

दुपारी मात्र सरच बदलले. हे प्रॉडक्शनमधून रिटायर झालेले, हातात मार्कर, स्लाइड मोजून चार. बसल्या बसल्या आगीची गोष्ट सांगितली. गॅरी क्लाइन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फायर ब्रिगेडच्या लोकांवर अभ्यास करायचे, त्यातला हा किस्सा. एका घरात किचनला आग, टीम पाणी मारतेय पण आग दबत नाहीये, हॉलमधे जेवढं गरम असायला पाहिजे त्यापेक्षा जास्त गरम आणि आवाज मात्र फारच कमी. ऑफिसरच्या मनात पाल चुकचुकली, त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात जमीन खाली कोसळली. खरी आग तळघरात होती. त्याला स्वतःला ते सहावं इंद्रिय वाटत होतं, पण आधी पाहिलेल्या आगींशी हे चित्र जुळत नव्हतं एवढंच.

मग सरांनी उलटी बाजू घेतली. डॅनियल कानेमन, २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, आयुष्यभर माणसाच्या अंदाजातल्या चुका दाखवत आलेले, म्हणजे क्लाइनचे एकदम विरोधी पार्टीतले. २००९ मधे दोघांनी मिळून एक पेपर लिहिला आणि त्यात एकमत झालं ते दोन अटींवर. कामात काहीतरी नियमितपणा पाहिजे म्हणजे तीच खूण दिसली की बहुतेक वेळा तेच घडतं, आणि तुम्हाला त्या कामाची भरपूर प्रॅक्टिस होऊन बरोबर की चूक हे वेळेत कळत राहिलं पाहिजे. दोन्ही असेल तर मनाचं ऐका, नसेल तर मनाला कितीही खात्री वाटो, तिला किंमत नाही.

इथून पुढे हॉल जागा झाला. सरांनी माझ्या शेजारच्या कांदावाल्या शेठना उभं केलं आणि विचारलं लिलावात एका ट्रॉलीला किती वेळ देता. शेठ म्हणाले कसला वेळ, चालता चालता भाव बोलतो. मग हळूहळू बाहेर आलं की त्या चालता चालतामधे रंग बघतात, मान वाळलीय का, पत्ती म्हणजे वरचं साल टिकून आहे का, गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती, वास कसा येतोय, हाताला ओल लागते का, आणि हे सगळं करताना त्यांना वाटतं आपण काहीच करत नाही. आणि ट्रॉली खळ्यावर म्हणजे त्यांच्या गोदामाच्या आवारात खाली झाली की तळाचा माल कसा निघाला ते त्याच दिवशी समोर! म्हणजे रोज परीक्षा आणि रोजच रिझल्ट. सर म्हणाले, शेठ, तुमच्या नाकावर मी डोळे झाकून पैसे लावीन. शेठ खूश.

मग सरांनी हळूच विचारलं, आणि माल कांदा चाळीत साठवून ठेवायचा की विकायचा, ते कसं ठरवता? शेठ म्हणाले तेपण अंदाजानेच. मग बोर्डवर तारखा लिहिल्या: ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, उठली मे २०२४ ला. यातलं नाकाला काय कळलं होतं? पूर्ण हॉल हसला, शेठपण हसले, पण नंतर बराच वेळ गप्प होते. माणूस तोच, धंदा तोच, कांदा पण तोच, एका प्रश्नावर अंदाज सोन्याचा आणि दुसऱ्यावर नुसता सट्टा. मला वाटतं सगळ्या फीचं मोल या दहा मिनिटांतच होतं.

शॉपवाल्यांचं पटकन झालं. लेथवर टर्निंगचा आवाज बदलला की ऑपरेटर सांगतो इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं गेलं, पुढच्याच पार्टला गेज लावून माप घेतलं की खरंखोटं कळतं, तर त्याच्या कानावर भरवसा ठेवा. माझ्या परचेसमधे गाडी अडकते. नेहमीच्या सप्लायरने फोनवर 'होऊन जाईल साहेब' कुठल्या सुरात म्हटलं यावरून मला डिलिव्हरीचा अंदाज येतो आणि आठवड्यात तो तपासलाही जातो. पण नवा व्हेंडर निवडायचा म्हटलं तर तो कसा निघाला हे कळायला वर्ष जातं, आणि ज्यांना नाकारलं ते कसे निघाले असते हे तर कधीच कळत नाही.

एचआरच्या मॅडम मात्र ऐकायला तयार नव्हत्या, म्हणाल्या कँडिडेट दारातून आत येतो तेव्हाच मला समजतं. सरांनी वाद घातला नाही, कानेमनचीच गोष्ट सांगितली. ते विशीत असताना इस्रायली सैन्यात होते, भरतीच्या मुलाखती नीट करायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकाचे ठरलेले प्रश्न, एकेकाचे मार्क लगेच लिहायचे. मुलाखत घेणारे भडकले, आम्हाला रोबो करताय म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की बरं, सगळे मार्क देऊन झाले की डोळे मिटा, हा पोरगा सैनिक म्हणून डोळ्यांसमोर आणा आणि एक ते पाच मार्क द्या. नंतर ताडून पाहिलं तर नवी पद्धत जुन्यापेक्षा बरीच सरस निघाली आणि डोळे मिटून दिलेला मार्कही सहा गुणांच्या बेरजेइतकाच चांगला निघाला. म्हणजे मनाचं ऐकायचं, पण आधी गृहपाठ करून. सकाळी डोळे मिटायला लावले होते ते गृहपाठाशिवायच, हे मी मनात म्हटलं.

शेवटी एक साधा कागद दिला, तीन रकाने: आज मन काय म्हणतंय, कशावरून, किती खात्री. रिझल्ट यायच्या आत भरायचं, कारण नंतर सगळ्यांनाच आधीपासून माहीत असतं. ऑफिसमधे मी तो चालू ठेवलाय आणि 'कशावरून' हा रकाना भरताना भल्याभल्यांची फेफे उडते. किटमधे सुविचारांची चकचकीत डायरी पण आहे, ती पोरीला दिली.

नावडलेली गोष्ट म्हणजे शेवटची वीस मिनिटं. सकाळचे सर परत आले आणि तीन दिवसांच्या निवासी कोर्सचे फॉर्म वाटले, आजच भरला तर डिस्काउंट, जास्त विचार करू नका, मनाचं ऐका. शेठनी फॉर्म उलटा-सुलटा करून बघितला आणि 'मन घेत नाही' म्हणून परत दिला.

बाकी पार्किंग अपुरं आहे, द्वारका सर्कलकडून येणार असाल तर अर्धा तास आधी निघा. सुपरवायझर, परचेस, क्वालिटीवाल्यांना नक्की पाठवा. बुकिंगच्या आधी फोन करून एवढं विचारा की दुपारचे सर त्या बॅचला आहेत का, आणि हाफ डे देतात का. मी विचारल्यावर 'बघू' म्हणालेत.