शंटिंगची इंजिनं पाहायला: लॉस एंजेलिस की ब्रुकलिन?

शंटिंगची, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारी, भरपूर इंजिनं पाहायची असतील तर लॉस एंजेलिस. १९९८ पासून पॅसिफिक हार्बर लाइन ही रेल्वे कंपनी तिथल्या आणि शेजारच्या लाँग बीच बंदरातले डबे हलवते. टर्मिनल आयलंडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या उचलपुलाजवळ कंटेनरगाड्याही दिसतात. थांबायचं मात्र सार्वजनिक रस्त्यावरच; बंदराच्या फाटकाआत जायचं नाही.

माझा जीव अडकतो तो न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ६५व्या रस्त्याजवळच्या यार्डात. न्यूयॉर्क न्यू जर्सी रेलचं इंजिन तिथे मालडबे अगदी सावकाश तराफ्यावर ढकलतं. दोन्ही बाजूंचं वजन सांभाळत डबे चढवावे लागतात, नाहीतर तराफा कलतो. मग टगबोट (ओढणारी-ढकलणारी बोट) तो तराफा पाण्यापलीकडे, न्यू जर्सीतल्या ग्रीनव्हिल यार्डाकडे नेते. पाण्यावरून निघालेले रेल्वेचे डबे! जवळच्या आउल्स हेड पार्कातून बंदराचं पाणी छान दिसतं. दुर्बीण न्याच, आणि हाताशी वेळ भरपूर ठेवा.