क्रेटची नोंद डेटाबेसमध्ये : झॅपियर, मेक की एन-एट-एन?

नाशिकजवळच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातील एखादे द्राक्ष पॅकहाऊस उदाहरणादाखल घेऊ. वजनकाट्यापाशी बसलेला मुलगा प्रत्येक क्रेटचा क्रमांक, प्लॉट आणि वजन मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरतो आणि ती नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात आपोआप जावी, अशी मालकाची अपेक्षा असते. हे काम झॅपियर, मेक आणि एन-एट-एन ही एका अ‍ॅपमधली माहिती दुसरीकडे आपोआप पोहोचवणारी तिन्ही साधने करतात. तेव्हा निवड करताना पाहायचे ते इतकेच की पैसे कशावर मोजले जातात आणि तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर काय होते.

झॅपियर प्रत्येक यशस्वी कृतीचा एक टास्क धरते. दिवसाला ४०० क्रेट आणि ९० दिवसांचा हंगाम धरला, तर नुसत्या ओळी घालण्याचे ३६,००० टास्क होतात. मेकमध्येही ओळी एकेक करून घातल्या की मोजणी जवळपास तशीच चालते, दर मात्र कमी असतो. एन-एट-एनच्या क्लाउडवर संपूर्ण वर्कफ्लो, म्हणजे जोडलेल्या पायऱ्यांची साखळी, एकदा धावला की एक एक्झिक्युशन, मग त्यात एक ओळ असो वा पन्नास. रोज दहा तास, दर अर्ध्या तासाला साठलेल्या नोंदी एकत्र पाठवल्या, तर हंगामाचा आकडा १,८०० वर येतो. आणि मोफत कम्युनिटी आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली, तर ही मोजणीच उरत नाही. उलट, दिवसाला दहा-बारा चौकशा नोंदवणाऱ्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या छोट्या ऑफिसाने खुशाल झॅपियर घ्यावे. तेवढ्यासाठी सर्व्हर सांभाळणे परवडणारे नाही.

दुबार नोंदीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. नेट मध्येच गेले, मुलाने बटण पुन्हा दाबले आणि एकच क्रेट दोनदा आला, तर बागायतदाराच्या हिशेबात वजन वाढते. झॅपियरमध्ये यावर ‘आधी ओळ शोधा, नसेल तर घाला’ असा मार्ग आहे, पण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ओळ सापडत नाही आणि दोघीही ती घालतात. एन-एट-एनच्या पोस्टग्रेस नोडमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या पायरीत, ‘घाला किंवा अद्ययावत करा’ ही कृती स्वतंत्रपणे दिलेली आहे आणि ती पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून आलेल्या ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ या सोयीवर उभी असल्यामुळे निर्णय खुद्द डेटाबेस घेतो. अर्थात त्यासाठी क्रेट क्रमांक आणि तारीख या दोन रकान्यांवर मिळून युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम, हवाच. तो नसेल तर कोणतेही महागडे साधन घेऊन उपयोग नाही.

पन्नास ओळींपैकी एकीत वजनाच्या जागी नुसत्या आकड्याऐवजी ‘१२ किलो’ असा मजकूर आला, तर बाकीच्या एकोणपन्नासांचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागते. एन-एट-एनमध्ये सगळ्या ओळी एकाच क्वेरीने (डेटाबेसला दिलेल्या एकाच आज्ञेने), स्वतंत्रपणे किंवा ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या जातील नाहीतर एकही नाही अशा रीतीने) पाठवण्याचे तीन पर्याय आहेत. पॅकहाऊससाठी माझे मत चूक आली तरी पुढे जाण्याची सेटिंग चालू ठेवून स्वतंत्रपणे पाठवण्याच्या बाजूने आहे, कारण एका चुकीसाठी गाडी अडवून ठेवणे कुणालाच नको असते. पावती आणि तिच्या रकमा एकत्र जायच्या असतील तेव्हा मात्र ट्रान्झॅक्शनच हवे. मेकमध्ये रोलबॅक (झालेले मागे घेणे), ब्रेक (थांबवून नंतर पुन्हा प्रयत्न करणे), इग्नोर (चूक सोडून पुढे जाणे) असे चूक हाताळण्याचे मार्ग चित्रातच जोडता येतात, आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला ते लवकर उमगतात, हे मान्य केले पाहिजे.

डेटाबेस नाशिकच्या अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यातील संगणकावरच असेल, तर झॅपियर किंवा मेकच्या क्लाउडला तिथपर्यंत पोहोचण्यासाठी सहसा बाहेरून वाट उघडावी लागते. त्याच नेटवर्कमध्ये बसवलेल्या एन-एट-एनला तशी गरज पडत नाही.

एन-एट-एन स्वतः बसवणाऱ्याने दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. त्याचा मूळ टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो. फेब्रुवारीत नाशिकला सकाळचे सहा वाजलेले असताना तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि तारीख वर्कफ्लोमधून घेतली असेल तर पहाटेची तोड कालच्या नावावर पडते. म्हणून तो ‘एशिया/कोलकाता’ करावा. दुसरे म्हणजे एन्क्रिप्शन की, म्हणजे साठवलेले पासवर्ड उलगडणारी गुप्त किल्ली, वेगळ्या जागी जपून ठेवावी, कारण ती हरवल्यास साठवलेले सगळे पासवर्ड पुन्हा भरावे लागतात. ही दोन कामे करणारे कुणी पॅकहाऊसमध्ये नसेल, तर मेकचे थोडे जास्त बिल भरलेले बरे.