फ्रीडॉस १.३ आणि एमटीसीपी: ४८६ वर पुन्हा एकेक केबीचा हिशेब

माळ्यावर एखादं ४८६ किंवा जुनं पेंटियम पडलं असेल आणि कधीकाळी कॉन्फिग.सिस (डॉस सुरू होताना वाचतं ती फाइल) हातानं लिहिली असेल, तर फ्रीडॉस टाकून बघाच, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉसच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. फुकट मिळतं, सोर्स खुला आहे आणि अगदी जुन्या प्रोसेसरवरही चालतं. मायक्रोसॉफ्ट डॉसचा गाशा गुंडाळणार असं दिसायला लागलं तेव्हा, १९९४ मध्ये, जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानं हे काम सुरू केलं. १.३ आवृत्ती फेब्रुवारी २०२२ ची. आता १.४ सुद्धा आलं आहे, पण माझ्याकडे १.३ आहे आणि त्याबद्दलच लिहितो.

माझं मशीन ४८६ डीएक्स-२, ६६ मेगाहर्ट्झ, १६ एमबी रॅम. इंदूरच्या सियागंजातल्या एका किराणा पेढीवर नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर सांभाळायचो, तिथलंच. हार्ड डिस्क संपली होती. सिल्व्हर मॉलमधून सीएफ कार्ड (कॅमेऱ्यात असायचं तसलं मेमरी कार्ड) आणि त्याचा आयडीई अडॅप्टर आणून लावला. बायोस जुना, त्याला ५०४ एमबीच्या पुढचं दिसत नाही. पण डॉसला तेवढी जागा म्हणजे चंगळच.

भाच्यानं विचारलं, "मामा, रॅम सोळा एमबी आहे ना? मग ६४० केबीसाठी एवढी मारामारी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पहिल्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला ॲड्रेसच्या वीसच लाइनी, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन, रॉम आणि कार्डांसाठी राखून ठेवले, खाली उरले ६४०. पुढे रॅम कितीही वाढली तरी साधा डॉस प्रोग्राम त्या ६४० मध्येच चालायचा, आणि प्रत्येक ड्रायव्हर त्यातलाच घास घ्यायचा.

पेढीवर नेटवेअर होतं, म्हणजे नॉवेल कंपनीचं नेटवर्क. सकाळी मशीन चालू केलं की एलएसएल, मग एनई २००० (नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर), मग आयपीएक्स-ओडीआय, मग नेटएक्स, या क्रमानंच सगळं चढवावं लागे. वर माउस, वर स्मार्टड्राइव्ह (डिस्कची कॅश). एवढं झालं की हिशेबाचा प्रोग्राम मेमरी कमी पडते म्हणून उघडायलाच नकार द्यायचा, आणि मुनीमजी माझ्याकडे बघायचे. १९९१ मध्ये डॉस ५ आलं आणि आमचं आयुष्य बदललं, असं मी आजही म्हणतो, कारण ६४० च्या बाहेरची जागा वापरता यायला लागली. एचएमए म्हणजे १ एमबीच्या लगेच वरचे जवळजवळ ६४ केबी. डॉसचा बराचसा भाग तिथे, आणि ड्रायव्हर त्या राखीव ३८४ मधल्या मोकळ्या खाचांमध्ये. क्रम लावणं हीच खरी विद्या होती. काही ड्रायव्हर चढताना जास्त जागा मागतात आणि बसल्यावर आकसतात, म्हणून मोठे आधी चढवायचे.

फ्रीडॉसमध्ये हेच सगळं आहे, आणि ते जास्त नीटनेटकं आहे. हायमेम आणि ईएमएम ३८६ या एमएस-डॉसच्या दोन मेमरी ड्रायव्हरांचं काम जेमएक्स नावाचा एकच ड्रायव्हर करतो. त्याला नोईएमएस सांगितलं की ईएमएसच्या (जादा रॅम तुकड्यातुकड्यानं दाखवायच्या जुन्या पद्धतीच्या) खिडकीचे ६४ केबी सुटतात. बी००० ते बी७एफएफ हा मोनोक्रोम स्क्रीनचा भाग सामील केला की आणखी ३२ केबी मिळतात (काही व्हीजीए कार्डं तो भाग वापरतात, तिथे हे करू नका). माउस, नेटवर्क, कॅश सगळं चढवूनही मेम कमांड ६४० पैकी सहाशे केबीच्या वर मोकळे दाखवते. पेढीवर हा आकडा दिसला असता तर मी पेढे वाटले असते. मेममेकरसारखा आपोआप जुळवणारा प्रोग्राम यात नाही आणि मला तो नकोच आहे. मशीनमधली एकेक केबी कुणाकडे गेली हे एका पडद्यावर वाचता येतं, आणि त्यातली कुठली कुठे बसवायची ते मी ठरवतो. आजच्या कुठल्याही मशीनवर मला हे सुख मिळत नाही.

नेटवर्कसाठी मायकेल ब्रुटमन यांचा एमटीसीपी, म्हणजे डॉसवर चालणाऱ्या नेटवर्क प्रोग्रामांचा संच. याची रचना मला मनापासून आवडली. टीसीपी-आयपी प्रत्येक प्रोग्रामच्या पोटातच आहे, मेमरीत कायम बसतो तो फक्त नेटवर्क कार्डाशी बोलणारा छोटा पॅकेट ड्रायव्हर. नेटवेअरच्या त्या चार मजली उतरंडीनंतर हे बघून डोळे निवले. डीएचसीपी चालवलं की घरचा राउटर पत्ता देतो. बायोसची बॅटरी मेली आहे, म्हणून ऑटोएक्झेकमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालते त्या फाइलमध्ये) एसएनटीपी टाकलं. घड्याळ इंटरनेटवरून लागतं. एफटीपी सर्व्हर चालू केला आणि भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर पेढीच्या डीबीएफ (डेटाबेसच्या) फाइली ओढून घेतल्या. पेढीवर सगळ्या मशीनना जोडणारी एकच काळी कोॲक्स केबल होती, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, मध्ये टी-कनेक्टर. झाडू मारताना एकाचा टी निघाला की गादीपासून गोदामापर्यंत सगळे बसून राहायचे. त्याच जमान्यातलं मशीन आज फायबरच्या राउटरला जोडलेलं बघून मला खरंच भरून आलं.

उणिवा सांगायलाच हव्यात. एमटीसीपीला एचटीटीपीएस येत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक वेबसाइट विसरा. विंडोज ३.१ एन्हान्स्ड मोडमध्ये चालवायचं असेल तर जुनं एमएस-डॉसच बरं. फ्रीडॉस बसवताना सीडी ड्राइव्ह नसेल तरी अडत नाही, फ्लॉपीची वेगळी आवृत्ती आहे. मात्र चांगल्या फ्लॉपी आता कुठे मिळणार, म्हणून मी सीएफ कार्ड दुसऱ्या मशीनवर तयार करून आणलं.

नेटवर्क कार्ड घेताना आयएसए (त्या काळच्या मशीनच्या खाचेत बसणारं), एनई २००० शी जुळणारं आणि आरजे-४५ चं तोंड असलेलं घ्या. रिअलटेक ८०१९ चिप असलेलं चालेल. आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन) बहुधा ३ वर असतो आणि तो कॉम २ या सिरीयल पोर्टशी भांडतो. सोळा बिटी कार्ड असेल तर १० वर न्या. घरचा स्विच १० एमबीपीएस स्वीकारतो ना, तेवढं आधी बघून घ्या.