खून कोणी केला ते सुरुवातीलाच सांगून टाकलंय, तरी वाचाच

जर्मन लेखक हाइनरिश ब्योलची कादंबरी 'द लॉस्ट ऑनर ऑफ कॅथरिना ब्लूम'. 1974 ची, पश्चिम जर्मनीतली गोष्ट, पुस्तक तसं बारीकच. सस्पेन्स हवा असेल तर विसरा, कारण कॅथरिनाने एका रिपोर्टरला गोळ्या घातल्या आणि संध्याकाळी आपणहून पोलीस अधिकाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली हे पहिल्या काही पानांतच कळतं. वर ती त्याला सांगते की दुपारी सव्वाबारापासून सातपर्यंत शहरभर फिरले, पश्चात्ताप होतोय का बघत, पण काही झाला नाही. इथेच मी अडकले, पुस्तक खाली ठेवलंच नाही.

कॅथरिना म्हणजे लोकांकडे घरकाम करून स्वतःचा फ्लॅट घेतलेली सत्तावीस वर्षांची, नाकासमोर चालणारी बाई. कार्निव्हलच्या पार्टीत भेटलेल्या एकाला रात्री घरी नेते, तो निघतो पोलिसांना हवा असलेला, आणि चार दिवसांत एक पेपर तिची अब्रू चव्हाट्यावर आणतो. बातमी कशी शिजते ते ब्योलने भारी दाखवलंय. ती ज्याच्याकडे काम करते तो वकील म्हणतो हुशार आहे, शांत डोक्याची आहे, छापून येतं बर्फासारखी थंड आणि हिशेबी! ऑपरेशन झालेल्या तिच्या आईला गाठायला रिपोर्टर रंगाऱ्याचा वेष करून हॉस्पिटलात घुसतो, आई बिचारी विचारते असं का व्हावं, पेपरात येतं हे असंच होणार होतं. आणि याचं म्हणणं काय, तर साध्या माणसांना नीट बोलता येत नाही, आपण मदत करतो. डोकंच फिरतं.

पोलीसही कमी नाहीत. गाडीचे किलोमीटर मोजून विचारतात, एवढी जातेस कुठे? ती सांगते, पाऊस असला की एकटीच गाडी काढायचे, कुठेही जायचे. मला तरी हा पूर्ण पुस्तकातला सगळ्यात एकटा क्षण वाटला.

निवेदन मात्र चौकशीच्या अहवालासारखं कोरडं आहे, सुरुवातीला कंटाळा येऊ शकतो, जर्मन नावांचा गोंधळ होतो तो वेगळाच, आणि वकिलाचं प्रकरण जरा ताणलंय. पण राग खरा आहे. 1972 मध्ये 'बिल्ड' या सनसनाटी जर्मन पेपरवर टीका केली म्हणून ब्योल स्वतःच झोडपला गेला होता, आणि या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याने 'बिल्ड'शी साम्य अटळ आहे असं सरळ लिहून टाकलंय.

1975 मध्ये सिनेमाही आला, पण तिथे खून शेवटाकडे येतो, म्हणून आधी पुस्तक वाचा.